तनाखमधून धीर आणि विश्वास: ठाणे-नवी मुंबईतल्या मेसियानिक वाचकाने हाताशी काय ठेवावं

यहोशवा १:९ हे वचन बऱ्याच ख्रिस्ती घरांत दिसतं. दारावरच्या फ्रेममध्ये, चर्चच्या कॅलेंडरवर, मोबाइलच्या वॉलपेपरवर. त्याच अध्यायाचं दुसरं वचन मात्र कुणी फ्रेम करत नाही. मोशे मेला आहे, आता तू ऊठ आणि लोकांना घेऊन यार्देन ओलांड, असं तिथे सांगितलंय. आठव्या वचनात तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, तोंडी ठेवायची, रात्रंदिवस तिचं मनन करायचं, ही अट आहे. म्हणजे हिंमत धरायचा हुकूम येतो तेव्हा पुढारी गेलेला आहे, नदी समोर आहे आणि आधाराला लिहिलेला शब्द तेवढा आहे. सहाव्या, सातव्या आणि नवव्या वचनात देव हे सांगतो, अठराव्यात लोकच यहोशवाला तेच ऐकवतात. एकटं नववं वचन भिंतीवर लावलं की यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून या परीक्षणात सगळ्या साधनांना एकच कसोटी लावली आहे. हे साधन अख्खा अध्याय वाचायला लावतं, की एक वचन खुडून हातात देतं? मेसियानिक, म्हणजे येशुआला (येशूला) मशीहा मानणारा आणि तनाख (हिब्रू बायबल, ख्रिस्ती लोकांचा जुना करार) हा त्याच मशीहाचा पवित्र ग्रंथ म्हणून वाचणारा मराठी वाचक डोळ्यांसमोर आहे. घरी चार-सहा जण शनिवारी एकत्र बसून वाचणार असतील, तर त्यांच्या कामाला येईल अशा बेताने लिहिलं आहे.

पहिली खरेदी छापील पुस्तकाचीच करावी. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मराठी 'पवित्र शास्त्र', आर. व्ही. आवृत्ती. मोठ्याने वाचायला ही भाषा भारदस्त आहे, कानाला सवयीची आहे, आणि गटात प्रत्येकाकडे बहुधा हीच प्रत असते. कुणी 'पुढचं तू वाच' म्हटलं की गोंधळ होत नाही. नव्या वाचकाला काही ठिकाणी ती जड जाते, विशेषतः ईयोब आणि यशया. तिथे शेजारी सोपी आवृत्ती उघडावी, पण मूळ वाचन यातच ठेवावं. कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागे उतरते. साधी पेन्सिल किंवा कोरडा हायलायटर वापरावा. पावसाळ्यात पानं फुगतात, तेव्हा चेनच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली तर पुस्तक टिकतं.

या पुस्तकाची मोठी उणीव भाषेत नाही, पुस्तकांच्या क्रमात आहे. इथे जुन्या कराराची ३९ पुस्तकं मलाखीवर संपतात. तनाखमध्ये तोच मजकूर २४ पुस्तकांत मोजला जातो आणि शेवट इतिहासाच्या पुस्तकावर होतो. लूक २४:४४ मध्ये येशुआ मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे असे तीन भाग सांगतो, ते याच मांडणीला धरून. मत्तय २३:३५ मध्ये हाबेलापासून जखऱ्यापर्यंत म्हटलंय, तेही याच क्रमात नीट उलगडतं: हाबेल पहिल्या पुस्तकात, आणि मंदिराच्या अंगणात मारला गेलेला जखऱ्या शेवटच्या पुस्तकात, २ इतिहास २४ मध्ये.

उपाय सोपा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने क्रम लिहून ठेवायचा. तोरा: मोशेची पाच. नवीईम (संदेष्टे): यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे, यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा लहान संदेष्टे मिळून एक, अशी आठ. केतुवीम (लेख): स्तोत्रे, नीतिसूत्रे, ईयोब, गीतरत्न, रूथ, विलापगीत, उपदेशक, एस्तेर, दानीएल, एज्रा-नहेम्या एकत्र, आणि इतिहास, अशी अकरा. धीराचा विषय घेऊन वाचणाऱ्याला याचा थेट फायदा होतो, कारण या क्रमात एस्तेर आणि दानीएल शेजारी येतात. दोघेही परक्या राजाच्या दरबारात अडकलेले. एस्तेर ४ संपवून लगेच दानीएल ३ उघडा. तिन्ही तरुण राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे म्हणतात की त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही (३:१७-१८). मराठी बायबलात या दोन पुस्तकांच्या मधे ईयोबापासून यहेज्केलपर्यंतचा मजकूर येतो, आणि हा सांधा नजरेआड होतो.

दुसरं साधन सेफारिया, यहुदी ग्रंथांचं ऑनलाइन ग्रंथालय. फुकट आहे, वेबसाइट आणि ॲप दोन्ही. स्वरचिन्हांसह हिब्रू मजकूर, बाजूला इंग्रजी, आणि कुठल्याही वचनावर टिचकी मारली की राशीसारख्या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांचे अभिप्राय. ॲपमध्ये पुस्तकं डाउनलोड करून ठेवता येतात, मग लोकलमध्ये नेट गेलं तरी वाचन थांबत नाही. मराठी अनुवाद नाही, त्यामुळे इंग्रजी बऱ्यापैकी समजणारा एक तरी माणूस गटात लागतो. हिब्रू नुसती कानावर पडावी एवढीच इच्छा असेल, तर मखोन मामरेच्या साइटवर तनाखचं हिब्रू वाचन ध्वनिमुद्रित स्वरूपात फुकट ऐकता येतं.

सेफारिया उघडणाऱ्याची पहिल्याच दिवशी फजिती होते ती वचनांच्या क्रमांकांनी. मराठी बायबल इंग्रजी क्रमांक पाळतं, सेफारिया हिब्रू. स्तोत्रांच्या वर 'मुख्य गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र' असा जो मथळा असतो, तो हिब्रूत बहुतेक ठिकाणी स्वतंत्र वचन म्हणून मोजला जातो. म्हणून मराठीतलं स्तोत्र ५६:३ सेफारियात ५६:४ आहे, ३१:२४ तिकडे ३१:२५. ५१व्या स्तोत्राचा मथळा लांब, त्यामुळे तिथे दोनाचा फरक: ५१:१० शोधायचं तर ५१:१२ उघडा. २७व्या स्तोत्रात 'दाविदाचे' एवढंच आहे आणि ते पहिल्या वचनातच धरलंय, तिथे फरक नाही. स्तोत्रांबाहेरही काही जागा लक्षात ठेवाव्यात. यशया ९:६ तिकडे ९:५, मीखा ५:२ तिकडे ५:१, योएल २:२८ तिकडे ३:१, मलाखी ४:५ तिकडे ३:२३, दानीएल ६:१० तिकडे ६:११. 'यहुद्यांनी वचन काढून टाकलं' अशी आवई कधीमधी उठते, ती बहुतेक वेळा या क्रमांकांच्या घोळातून. वचन तिथेच असतं, एक ओळ वर किंवा खाली.

सेफारियाची खरी किंमत कळते ती एखादा अध्याय तळापर्यंत नेल्यावर. त्यासाठी स्तोत्र २२ घ्या. मराठीत ३१ वचनं, हिब्रूत ३२. मोठ्याने, न थांबता वाचायला साधारण पाच मिनिटं. माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, ही पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते, कारण वधस्तंभावर येशुआच्या तोंडी ती आहे (मार्क १५:३४, मत्तय २७:४६). वाचताना पेन्सिलीने दोन प्रकारच्या खुणा करा: तक्रार जिथे आहे तिथे एक, भरवसा जिथे आहे तिथे दुसरी. खुणा आलटून पालटून येतात. पहिल्या दोन वचनांत तक्रार, ३ ते ५ मध्ये पूर्वजांनी भरवसा ठेवला आणि ते सुटले याची आठवण, सहाव्यापासून पुन्हा अपमान, नवव्या-दहाव्यात आईच्या उदरापासूनचा आधार, मग बैल, सिंह, कुत्रे. एकविसाव्या वचनाच्या आसपास सूर पालटतो आणि बाविसाव्यात तो माणूस आपल्या भावांमध्ये देवाचं नाव सांगायला उभा राहतो. इब्री लोकांस पत्र २:१२ मध्ये हेच बाविसावं वचन येशुआच्या तोंडी दिलंय. म्हणजे ब्रित हदाशाच्या (नव्या कराराच्या) लेखकांपुढे पहिल्या ओळीबरोबर स्तोत्राचा उत्तरार्धही होता. तनाखमधला विश्वास असा तक्रारीसकट येतो, हे गटात कुणाला वेगळं समजवावं लागत नाही. खुणा केलेलं पानच सांगतं.

आता त्याच स्तोत्रावर सेफारियात टिचकी मारा. राशीच्या मते दावीद इथे पुढे बंदिवासात जाणाऱ्या इस्राएलासाठी प्रार्थना करतो आहे. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, मेगिल्ला १५ब इथे, ही ओळ एस्तेरच्या तोंडी घातली आहे. न बोलावता ती राजाकडे निघाली, वाटेत देवाचं सान्निध्य तिला सोडून गेल्यासारखं झालं, आणि ती हे शब्द बोलली, असा तो अर्थ. स्तोत्राच्या मथळ्यातली 'पहाटेची हरिणी' म्हणजे एस्तेर, अशीही रब्बींची परंपरा आहे. हे कळल्यावर एस्तेर ४ पुन्हा वाचा. बोलावल्याशिवाय आतल्या चौकात गेलं तर मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचणार, आणि तिला ३० दिवसांत बोलावणं आलेलं नाही (४:११). हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. तरी ती तीन दिवसांचा उपास सांगते आणि, नाश झाला तर होवो, म्हणत निघते (४:१६).

मेसियानिक वाचकाला इथे सगळ्यात जास्त मिळतं. एकाच आक्रोशात आपल्या लोकांसाठी जीव धोक्यात घालणारी राणी, बंदिवासातला इस्राएल आणि वधस्तंभावरचा मशीहा, तिघे दिसतात. पण पायऱ्या गाळू नयेत. आधी दावीद, मग इस्राएल, मग मशीहा. थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली की स्तोत्र फक्त पुरावा म्हणून उरतं आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

यशया ५२:१३ ते ५३:१२ बाबत हाच नियम जास्त कडकपणे पाळावा लागतो. 'सिनेगॉगमध्ये बंदी घातलेला अध्याय' म्हणून या भागाची पत्रकं फिरतात. वस्तुस्थिती एवढीच की शोफतीम या पराशाची (तोरातला आठवड्याला नेमलेला भाग) हफ्तारा (त्याला जोडून वाचायचा संदेष्ट्यांचा वेचा) ५२:१२ ला संपते आणि पुढच्या आठवड्यात, की तेत्सेला, ५४:१ पासून सुरू होते. मधला भाग साप्ताहिक वाचनात येत नाही. संदेष्ट्यांचे इतर कितीतरी अध्यायही येत नाहीत, हफ्तारा मुळात निवडक वेच्यांची असते. अध्याय तनाखच्या प्रत्येक प्रतीत आहे. राशी या सेवकाला इस्राएल समजतो. त्याच्या कितीतरी आधीचा योनाथानाचा तारगुम (संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा अरामी अनुवाद) ५२:१३ मध्ये सेवकाला मशीहा म्हणतो, मात्र दुःखाचा भार तो दुसऱ्यांवर टाकतो. दोन्ही मतं समोर ठेवून मग आपलं म्हणणं मांडणारा गट शेजारच्या यहुदी माणसाशी मान वर करून बोलू शकतो.

यूव्हर्जनचं बायबल ॲप बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून असतंच. त्यात मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत, आर. व्ही. आहे, आय. आर. व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) आहे. एकच वचन दोन आवृत्त्यांत ताडून पाहायची सोय चांगली आहे. आवृत्तीसमोर डाउनलोडची खूण दिसली तरच ती ऑफलाइन चालते, हे घरून निघण्यापूर्वी तपासावं. ट्रान्स-हार्बरला ठाणे ते वाशी अर्ध्या तासाचा प्रवास आहे. हबक्कूकचे तिन्ही अध्याय त्यात आरामात वाचून होतात. खास्दी (बाबेलचे लोक) चालून येणार हे ठाऊक असताना २:४ मध्ये नीतिमान विश्वासाने जगेल असं म्हटलंय, आणि ३:१७-१८ मध्ये अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११ आणि इब्री १०:३८ इथे ज्याचा आधार घेतलाय तो हा दुष्काळातला विश्वास आहे.

ॲपची कमजोरी म्हणजे 'आजचं वचन'. आमच्या कसोटीवर ते सपशेल नापास होतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या सूचना बंद कराव्यात हा आमचा स्पष्ट सल्ला. सर्चवरही फार विसंबू नये. 'भिऊ नको' असं टाकलं की भरपूर वचनं येतात, पण १ शमुवेल ३० त्यात येत नाही. तिथे सिकलाग जळून गेलंय, बायकापोरं पळवून नेली आहेत, दाविदाचीच माणसं त्याला दगडमार करायच्या गोष्टी करताहेत, आणि सहाव्या वचनात तो परमेश्वराच्या ठायी बळ धरतो. त्यानंतर तो काय करतो ते पाहा: याजकाकडून एफोद (देवाचा कौल विचारायचं याजकाचं वस्त्र) मागवतो, पाठलाग करू का असं देवाला विचारतो, उत्तर मिळाल्यावरच ६०० माणसं घेऊन निघतो. दमलेले २०० बसोर ओहोळापाशी थांबतात, आणि लुटीत त्यांनाही सारखा वाटा मिळतो. धीरावर तनाखमध्ये इतका तपशीलवार अध्याय क्वचितच असेल. शब्द जुळला नाही की सर्च त्याला गाळून टाकतो.

इंग्रजी चालत असेल तर डेव्हिड स्टर्न यांचं कम्प्लीट ज्युइश बायबल (१९९८) पाहण्याजोगं आहे. मेसियानिक वाचकासाठीच केलेलं: पुस्तकं तनाखच्या क्रमाने, नावं हिब्रू वळणाची, आणि जिथे क्रमांक वेगळे तिथे दोन्ही छापलेले. वर सांगितलेली क्रमांकांची डोकेदुखी एका फटक्यात मिटते. त्यातलं तनाख मात्र हिब्रूवरून नव्याने केलेलं भाषांतर नाही, ज्युइश पब्लिकेशन सोसायटीच्या (जेपीएस) १९१७ च्या अनुवादावर स्टर्न यांनी केलेलं संस्करण आहे. वाद मिटवायला ते पुढे करू नये. गटात एक प्रत पुरे. प्रत्येकाने घ्यायची गरज नाही.

मराठी माणसाला हिब्रूची भीती वाटायचं खरं तर कारण नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर ते काम पुरं केलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकण-मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजासाठी, हिब्रू-मराठी हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) मुंबईत १८४६ मध्येच छापली गेली होती.

आठवड्याचं वाचन ठरवायला हेबकॅल ही यहुदी दिनदर्शिकेची साइट वापरावी. फुकट आहे, ठिकाण मुंबई निवडलं की पराशा आणि शब्बाथची वेळ दिसते. इस्राएल की डायस्पोरा हा पर्याय असतो, तिथे डायस्पोरा हवं. इस्राएलबाहेर सण एक दिवस जास्त पाळतात. तो जादा दिवस शनिवारी आला की इथली पराशा काही आठवडे इस्राएलच्या मागे पडते, आणि यूट्यूबवर तिकडचं प्रवचन ऐकणाऱ्याला कळत नाही की आपलं काय चुकलं. वर्षाच्या चक्रात ५४ पराशा आहेत, काही आठवड्यांत दोन जोडून येतात. सगळ्या झेपत नसतील तर धीर आणि विश्वास या विषयासाठी चार पुरतात. लेख लेखा: उत्पत्ति १५ मध्ये अब्राहामाचा विश्वास, आणि त्याच आठवड्याच्या हफ्तारेत (यशया ४०:२७ ते ४१:१६) 'भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे' हा दिलासा. ही जोडी कुणी प्रवचनकाराने जुळवलेली नाही, जुन्या वाचनक्रमातच आहे. बेशलाख: पुढे समुद्र, मागे फारोचे रथ, निर्गम १४. शेलाख: गणना १३-१४ मधले १२ हेर, आणि हफ्तारेत यहोशवाने पाठवलेले दोन. पहिल्यांच्या बातमीने लोक रडत बसले, दुसऱ्यांनी राहाबेच्या घरी ऐकलं की कनानी लोकच घाबरलेले आहेत. आणि वर्षाच्या टोकाला वझोत हब्राखा, जिथे मोशेच्या मृत्यूनंतर लगोलग हफ्तारा म्हणून यहोशवा १ वाचतात. वर म्हटलेलं दुसरं वचन तिथे आपोआप ऐकू येतं.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ चं शार हशामाईम सिनेगॉग आहे. तोरा प्रत्यक्ष गुंडाळीतून कशी वाचली जाते हे पाहावं असं मेसियानिक वाचकाला वाटणं साहजिक आहे. आधी परवानगी काढावी, ओळखपत्र न्यावं, डोकं झाकावं, शब्बाथला फोन आणि कॅमेरा बाहेर काढू नये. आणि येशुआविषयी तिथे पत्रक वाटणं किंवा वाद काढणं पूर्णपणे वर्ज्य. बेने इस्राएल आणि एकूणच यहुदी समाज मेसियानिक पंथाला यहुदी धर्माचा भाग मानत नाही. ते त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, आपण पाहुणे.

गटासाठी झेरॉक्स काढायची असेल तर आर. व्ही.ची पानं काढू नयेत, तिचे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत. आय. आर. व्ही. मराठी खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय लिहून छापता आणि वाटता येते. १४ पॉइंट अक्षरात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून स्तोत्र २२ एका ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंत बसतं. डावीकडे तीन बोटं समास ठेवावा, खुणा तिथेच करायच्या असतात. वचनांचे मराठी क्रमांक छापलेले असतातच, हिब्रू क्रमांक समासात हाताने टाकून मगच झेरॉक्सला द्यावा.